पत्र्यावरचा हात

३ जानेवारी

गाडी आली. बार्शीहून ट्रकवर घालून आणली. उतरवताना मी ड्रायव्हरला इतक्या वेळा "सावकाश, सावकाश" म्हणालो की शेवटी तो वैतागून म्हणाला, "मालक, तुमीच उतरवून घेता का?"

दोन जणांची, उघड्या टपाची, सत्तर वर्षांपूर्वीची विलायती गाडी. सगळी कातडी ॲल्युमिनियमची. मालकीण बार्शीच्या काव्याताई; त्यांच्या आजोबांनी ती सोलापुरातल्या एका गिरणीच्या साहेबाकडून घेतली होती. घराण्याचा धान्याचा व्यापार, त्यामुळे गेली तीस वर्षं गाडी पोत्यांच्या मागे पडून होती आणि सीटचं जे करायचं ते उंदरांनी केलं आहे. इंजिनाचं काम पुण्यात होऊन आलं. बॉडी माझ्याकडे. तेवीस फेब्रुवारीला कोईमतूरकडे जुन्या गाड्यांची शर्यत आहे, तिथे ताई स्वतः चालवणार.

तेव्हा गाडी शर्यतीची दिसली पाहिजे. बंपर काढायचे. पुढची मोठी काच काढून वीतभर उंचीची बसवायची. बॉनेटवर गरम हवा जायला चिरा पाडायच्या, वरून कातडी पट्टा. मागची मडगार्डं फुगवायची म्हणजे रुंद चाकं आत मावतील. दारावर पांढरा गोल आणि त्यात आकडा. आणि रंग गडद हिरवा, जवळजवळ काळा, आरशासारखा. गडद रंग म्हणजे एक नंबरचा चुगलखोर. पत्र्यात केसाएवढी लाट असली तरी चारचौघांत सांगतो.

ही डायरी ताईंच्या दुकानाची आहे, दर पानावर तिथी आणि खाली तुरीची जाहिरात. त्या म्हणाल्या, "काका, रोज काय केलं ते लिहून ठेवा. गाडीच्या फाइलला लागतं." बरं म्हणालो. ही कच्ची समजायची, पक्की नंतर उतरवून देईन. कारण लिहायला बसलं की मला कामापेक्षा बाकीचंच जास्त सुचतं.

आता बाकीचं लिहितो. पुण्या-मुंबईचे कारागीर सोडून ताई माझ्याकडे आल्या, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं की सोलापुरात गुरुशांत म्हणून एक माणूस आहे, तो डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवतो आणि खड्डा सांगतो. साधं काम आता सगळं कंपन्यांच्या वर्कशॉपकडे जातं. माझ्याकडे येतं ते या हातासाठी येतं. ही गाडी बिघडली तर पुढची येणार नाही. चोपन्नाव्या वर्षी हाताशिवाय मी काय आहे, हा विचार मी करत नाही. आज केला, गाडी बघून.

५ जानेवारी

जुना रंग उतरवला. खाली नागडा पत्रा निघाला आणि मी अर्धा तास नुसता बघत बसलो. विलायतेतल्या कुणा माणसाच्या हातोड्याच्या खुणा आतल्या बाजूला अजून आहेत.

मायाप्पा म्हणाला, "अण्णा, काळी पूड मारून बगायची का?"

मायाप्पा बावीस वर्षं माझ्याकडे आहे. सांगोल्याकडचा धनगर, लहानपणी मेंढरांमागे होता, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा पण मला अण्णा म्हणतो. काळी पूड म्हणजे, प्रायमरवर काळा हात मारायचा आणि ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासायचं. उंच जागा पांढरी होते, खड्ड्यात काळं राहतं. ज्याला हात नाही त्याचं काम ते. मी त्याला तसं सुनावलं. आमचे उस्ताद म्हणायचे, "आंख झूट बोलती, हाथ नै बोलता." पातळ मलमलीचा तुकडा घ्यायचा, डाव्या तळव्याखाली धरायचा आणि गाईच्या पाठीवरून फिरवतो तसा हात लांब फिरवायचा. तळवा सांगतो.

मायाप्पाने पूड परत फळीवर ठेवली. हल्ली तो कमी बोलतो. वय होतंय त्याचं.

८ जानेवारी

उजवं मागचं मडगार्ड वाळूच्या पिशवीवर फुगवलं. आकार सुरेख आला. पण संध्याकाळी हात फिरवला तर सारखं वाटत होतं की तळव्याखाली मलमल नाही, रजई आहे. दोनदा तुकडा बदलला. थिनरने कातडी मरते, त्यातलाच प्रकार. "झालं" म्हणालो खरा, पण घरी येईपर्यंत मनात किडा वळवळत होता. मायाप्पा झाडून घेतो म्हणाला आणि मागे थांबला.

९ जानेवारी

सकाळी आधी तेच मडगार्ड बघितलं, उन्हात, तिरप्या नजरेने. लोण्यासारखं सरळ! उगाच जीव खाल्ला. कधी कधी पत्रा रात्रीच्या थंडीने आपोआप बसतो असं मी ऐकलं होतं, ते खरं असावं. शंका काय ती माझ्या मनात होती, हात बरोबरच होता.

मायाप्पा मात्र आज दिवसभर जांभया देत होता आणि त्याच्या खांद्याला तेल चोळलेलं होतं. त्याला म्हटलं, "अरे, मडगार्ड मी ठोकलं, खांदा तुझा कसा दुखतो?" तो म्हणाला, "थंडी हाय की अण्णा."

१३ जानेवारी, भोगी

आज काम बंद. पहाटे अंघोळ करून पांढरी बाराबंदी घातली आणि सिद्धरामाच्या यात्रेत नंदीध्वजांमागून अडुसष्ट लिंगांची फेरी केली. दरवर्षी करतो, अनवाणी. रस्ता तापलेला, गर्दी अशी की पाय खाली बघून टाकता येत नाही. बरोबरचे लोक सावली शोधत उड्या मारत होते. मी सरळ चाललो. पाय भाजले नाहीत, दुखले नाहीत, गादीवरून चालल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर दाक्षायणीने फरशीकडे बघून विचारलं, "हे रक्त कुणाचं?" उंबऱ्यापासून मोरीपर्यंत एकेक ठिपका होता. मीही शोधायला लागलो. शेवटी तिने माझा उजवा पाय उचलून बघितला, तर करंगळीशेजारच्या बोटाखाली बाटलीच्या काचेचा तुकडा रुतलेला. चांगला बोटाच्या पेराएवढा.

ती घाबरली. "एवढी काच, आणि कळलं नाही तुम्हाला?"

मी म्हणालो, "सिद्धरामाच्या वाटेवर चाललो. त्याने दुखू दिलं नाही."

हे मी मनापासून म्हणालो. माणसं नवस करतात आणि त्यांना काही मिळत नाही. मी काहीच मागितलं नव्हतं, आणि त्याने न मागता हे दिलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. गाडीच्या कामात देव पाठीशी आहे याची खूण समजून मी हळद भरली आणि बाजरीची भाकरी, भोगीची भाजी पोटभर जेवलो. दाक्षायणी साखरेच्या गोळीची आठवण करत राहिली. तीन वर्षांपूर्वी शिबिरात थोडी साखर निघाली होती, तेव्हापासून तिचा हा जप चालू आहे. गोळी मी आठवेल तेव्हा घेतो. आज राहिली.

१६ जानेवारी

बॉनेटला चिरा पाडायच्या म्हणजे आधी पत्रा मऊ करावा लागतो. ॲल्युमिनियम तापलं तरी लाल होत नाही, एकदम वितळून खाली पडतं. म्हणून पत्र्याला अंगाचा साबण चोळायचा आणि गॅसची ज्योत फिरवायची. साबण काळा पडला की थांबायचं. हा पत्रा गेला तर तसला दुसरा मिळणार नाही. साबण काळा झाला, ज्योत काढली आणि पत्रा सरकवायला हात घातला.

"अण्णा! हात!" मायाप्पा ओरडला आणि त्याने माझं मनगट धरून ओढलं. करपल्याचा वास येत होता. मला वाटलं साबणाचाच. उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं पांढरी पडली होती.

दुखलं नाही. भोगीला दुखलं नाही, आजही नाही. पुन्हा त्याचीच कृपा. शिवाय उजवा होता. डावा असता तर मी मेलोच असतो.

मायाप्पा बादलीत माझी बोटं धरून बसला. पाच मिनिटं झाली तरी सोडेना, आणि माझ्याकडे बघेना. त्याला म्हटलं, "रडतोस की काय?" तर म्हणाला, "धूर गेला डोळ्यात."

चिरा मात्र अशा पडल्या आहेत की विलायतेच्या माणसाने मान डोलवावी. दोन्हीकडे नऊ-नऊ.

१८ जानेवारी

काव्याताई आल्या होत्या. मडगार्डं आणि बॉनेट बघून खूश झाल्या. पण मी बघत होतो, त्यांची नजर सारखी माझ्या पायाकडे. चप्पल फाटकी, बोटाला चिंधी. जाताना म्हणाल्या, "काका, पायाचं दाखवून घ्या कुणाला तरी." लोकांना वाटतं हा पायात धड घालू शकत नाही, हा काय शर्यतीची गाडी करणार. संध्याकाळी जाऊन बूट आणले, बंद, काळे. दुकानदार म्हणाला एक नंबर मोठा घ्या. मला हेच बरोबर बसले. कुठे बोचत नव्हते की काही नव्हतं.

मायाप्पा गावी चालला आहे, धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न. पंधरा दिवस. ऐन कामात! वर निघताना मला सांगतो, "दारांना हात लावू नगा, अण्णा. मी आल्यावर करू."

मी भडकलो. "दार करायला मला तुझी परवानगी लागते?"

"तसं न्हवं. दोगं मिळून करू म्हनतो."

"वऱ्हाडात जाऊन जेव आधी. इथलं मी बघतो."

तो बराच वेळ दारात पिशवी घेऊन उभा होता. मग गेला.

२३ जानेवारी

दोन्ही दारं झाली. एकट्याने केली. दार म्हणजे सगळ्यात सपाट, म्हणजेच सगळ्यात अवघड. चार दिवस हातोडा आणि मागे धरायचं लोखंड, दुसरं काही नाही. हात फिरवला. सरळ. पुन्हा फिरवला. सरळ. इतकं सरळ मला आयुष्यात कधी लागलं नव्हतं, कुठे म्हणजे कुठे काही जाणवत नाही. प्रायमर मारून टाकला. मायाप्पा आला की त्याला दाखवतो.

२५ जानेवारी

ताई दुपारी आल्या. मी प्रायमरवर ओलं फडकं फिरवलं, म्हणजे चमक येऊन पत्रा कळतो. वरच्या ट्यूबलाइटची रेघ दारावर उमटली. ताई खाली वाकल्या, बाजूला सरकल्या, पुन्हा वाकल्या.

"काका, इथं लाइट वाकतोय का?"

"ट्यूब जुनी आहे ती."

त्यांनी मान हलवली. शहाणी मुलगी आहे, वाद घातला नाही. पण मडगार्डाजवळ गेल्या तेव्हा तिथे रेघ सरळ होती. ट्यूब तीच.

त्या गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि डावा हात फिरवला. मलमल काढून फिरवला. उजवा फिरवला. काही नाही. डोळ्याला लाट दिसते, हाताला लागत नाही. एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की डोळ्यावर विश्वास ठेवू नका. आज कुणावर ठेवू?

भीती वाटते. लिहून टाकलं की कमी होईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही.

२६ जानेवारी

सुट्टी, पण घरात बसवेना म्हणून आलो. दाक्षायणी दुपारी डबा घेऊन आली. ही वर्कशॉपात सहसा येत नाही, थिनरचा वास सोसत नाही तिला. आज आली आणि मी जेवत असताना गाडीभोवती फिरत राहिली. सहज तिने दारावर तळवा ठेवला आणि खाली ओढला. मग थांबली.

"हितं पातळ आहे का हो?"

"पातळ नाही काही. काम झालंय ते."

"पातळ नसंल तर खोल आहे. नोडरी, हितं बघा." तिने पुन्हा हात फिरवला, वर, खाली. "आणि हितं उचललंय. अशी थापली तर भाकरी फुगतच नाही, एका अंगाने वाफ निघून जाते."

चाळीस वर्षं ज्वारी थापणारा हात. मी तिला खडू दिला आणि म्हणालो, लाग बघू खुणा करायला. थट्टेत म्हणालो. ती खुणा करत गेली. डाव्या दारावर अकरा झाल्या.

मी डबा झाकून ठेवला. शेंगाची चटणी होती, माझ्या आवडीची. ती म्हणाली, "चुकलं का माझं काही?" मी म्हणालो, "नाही."

२७ जानेवारी

बुटाला वास मारतो म्हणून दाक्षायणीने बळेच पाय धुवायला लावले. काच गेली होती ते बोट काळं पडलं आहे. शेजारचं सुजून चकचकीत. ताप एकशे एक. तिने माझ्याशी भांडणही केलं नाही, त्याचंच जास्त भय वाटलं.

२८ जानेवारी

डॉक्टरांनी साखर बघितली, चारशे बारा. मग ते म्हणाले, आडवे व्हा, डोळे मिटा, मी पायाला जाड नायलॉन दोऱ्याचं टोक लावतो, लागलं की 'हो' म्हणा.

मी डोळे मिटले आणि वाट बघत पडलो. बराच वेळ गेला. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. मला वाटलं डॉक्टर दुसऱ्या कुणाशी बोलायला गेले असतील. शेवटी म्हणालो, "करा की सुरू."

डॉक्टर म्हणाले, "झालं."

डोळे उघडले तर दाक्षायणी पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत होती. तिने सगळं बघितलं होतं, दहा ठिकाणी टोचलेलं.

मग मीच हात पुढे केले. डॉक्टर म्हणाले, हाताचं मागून होतं, पायाइतकं नसेल. पुन्हा डोळे मिटले. डाव्या तळव्यावर दहापैकी तीनदा 'हो' म्हणालो, त्यातला एक त्यांनी लावलाच नव्हता.

विचारलं, परत येईल का? ते म्हणाले, साखर आटोक्यात ठेवली तर आहे तेवढं राहील. गेलेलं फारसं येत नाही. काच दुखली नाही, पत्र्याचा चटका कळला नाही, ते सगळं याच रोगाचं होतं. आणि मी त्याला कृपा म्हणून हात जोडत होतो. देवाचा राग नाही. त्याने कुठे सांगितलं होतं की मी देतो आहे म्हणून. राग माझाच आहे.

३१ जानेवारी

काल बोट काढलं. भूल दिली होती, पण मला वाटतं, नसती दिली तरी चाललं असतं. हा विनोद मी दाक्षायणीला केला तर ती उठून बाहेर गेली.

काव्याताईंचा फोन येऊन गेला. बरा आहे, किरकोळ आहे, सोळा तारखेला गाडी मिळेल, असं सांगितलं. कसं मिळेल ते माहीत नाही. दारांवर अकरा खुणा एका बाजूला, दुसऱ्या बाजूच्या मोजल्याच नाहीत. रात्रंदिवस तेच दार डोळ्यांपुढे येतं, आणि त्याच्यावर वाकडी रेघ.

४ फेब्रुवारी

घरी आलो. मायाप्पा लग्नाच्या हळदीचाच सदरा घालून आला आणि पलंगाच्या पायथ्याशी बसला. बोटाच्या पट्टीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी विचारलं, "मायाप्पा, उजवं मडगार्ड रात्रीत सरळ कसं झालं?"

तो सदऱ्याची बाही दुमडत बसला.

"थंडीने बसलं?"

"व्हय."

"खरं सांग. माझी शपथ आहे."

मग सांगितलं त्याने. मी "झालं" म्हणून घरी गेलो की तो झाडायच्या नावाने थांबायचा, काळी पूड मारायचा, घासायचा, खड्डे काढायचा आणि सकाळ व्हायच्या आत सगळं पुसून ठेवायचा.

"कधीपासून?"

"दिवाळीपास्नं. ती पांढरी जीप आल्ती बगा, तवा पैल्यांदा कळलं मला."

दिवाळीपासून सात गाड्या गेल्या माझ्या हातून. सात वेळा लोकांनी माझा हात हातात घेऊन कौतुक केलं. मी केवढा फुगलो होतो.

"सांगायला काय झालं होतं तुला? तोंड नव्हतं?" मी ओरडलो. पाय ठणकत नव्हता, त्याचाही राग आला. "मला उल्लू बनवलंस! तीन महिने आधी सांगितलं असतंस तर दवाखान्यात गेलो असतो, बोट राहिलं असतं माझं!"

असं बोलायला नको होतं. तो उठला नाही, रडला नाही. म्हणाला, "मला वाटलं हात थकलाय. साकरंचं मला काय कळतंय, अण्णा? हात गेला म्हनून तुमास्नी सांगायचं, ते माज्याच्यानं हुईना. मेंढरू आंधळं झालं तर आमी त्येला कळपाच्या मदी घालून चालवतो. त्येला कळू देत न्हाय."

मी भिंतीकडे तोंड केलं. तो संध्याकाळपर्यंत बसून होता. दाक्षायणीने त्याला चहा दिला, मला बिनसाखरेचा.

७ फेब्रुवारी

काठी घेऊन वर्कशॉपात. मायाप्पा दार घासतो, मी खुर्चीवर बसून सांगतो कुठला हातोडा, किती जोरात, कुठून आत यायचं. ते अजून मलाच कळतं. कुठे मारायचं ते त्याला कळतं. आता काळी पूड दिवसाउजेडी मारतो, माझ्यासमोर. पहिल्यांदा बघवलं नाही. दार घासून झालं आणि पांढऱ्यावर काळे डाग राहिले, बरोबर दाक्षायणीच्या खुणांच्या जागी. वर आणखी दोन.

सकाळ-संध्याकाळ गोळी, इंजेक्शन. आरशाने तळपाय बघायचा, रोज.

१२ फेब्रुवारी

रंग झाला. ओळखीच्या एकाची बंद खोली घेतली, धूळ नको म्हणून. मायाप्पाने मारला, मी बाहेर काठीवर उभा राहून रंगाच्या फवाऱ्याचा आवाज ऐकत होतो. चार हात. तिसऱ्याला आवाज अडखळला, पण तो निभावला.

१५ फेब्रुवारी

उद्या ताई येणार. आकडा घातला, सतरा. गाडी अशी दिसते की शेजारच्या वर्कशॉपची माणसं येऊन फोटो काढून गेली. सगळे माझी पाठ थोपटतात.

मायाप्पा म्हणतो, काही सांगू नगा. गाडी झाली ना चांगली, मग कुणाच्या हाताने झाली त्याचं काय? दाक्षायणीला विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला झोप कशाने लागेल ते बघा." सांगितलं तर ही बातमी आठवड्यात पुण्यापर्यंत जाईल. गुरुशांतचा हात गेला. मग कोण येणार इथवर? नाही सांगितलं तर पुढची गाडी येईल, आणि तिच्यावर मी हात फिरवून "झालं" म्हणेन, आणि मायाप्पा रात्री थांबेल. साठीचा माणूस. किती दिवस?

काही ठरलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

ताई दहाला आल्या. गाडीभोवती दोनदा फिरल्या, दारापाशी वाकल्या. रेघ सरळ होती. त्या माझ्या पाया पडल्या, आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

मग त्यांनी मोबाइल वर धरला. "काका, तो डोळे मिटून हात फिरवता ना, तेवढं एकदा करा. व्हिडिओ घेते. फाइलमध्ये तोच पहिला."

शेजारची पाच-सहा माणसं जमली होती. मायाप्पा मागच्या भिंतीला टेकून उभा. मी काठी दाक्षायणीकडे दिली, मलमल घेतली आणि डावा हात मडगार्डवर ठेवून डोळे मिटले. हात सवयीने सरकला. खाली काही नव्हतं. गार आहे की ऊन लागून तापलंय तेसुद्धा कळेना. असाच दारापर्यंत नेला असता, मान डोलवली असती, तर एवढ्या लोकांत तिघांनाच कळलं असतं, आणि ते तिघे बोलणारे नव्हते.

मी हात काढला.

"ताई, मला आता कळत नाही. दिवाळीपासून कळत नाहीये. साखरेने गेलं. तुमची गाडी ह्याने बघितली आहे, सगळी." मायाप्पाकडे बोट केलं. "मला माहीत नव्हतं तेव्हाही त्यानेच बघितली."

ताईंचा मोबाइल तसाच वर होता. बार्शीच्या व्यापाऱ्याची पोर, माल ज्याचा त्याला विचारायचा हे रक्तातलं असणार. तिने तो सावकाश वळवला, मायाप्पाकडे.

"मला नगं त्यात," मायाप्पा म्हणाला.

"ये इकडे," मी म्हणालो, आणि मलमल पुढे केली.

त्याने पँटला दोनदा हात पुसला. मडगार्डवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि निघाला, मडगार्ड, दार, दाराची कड. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. कडेपाशी त्याच्या कपाळावर बारीक आठी पडली. मग आठी गेली. एकतीस वर्षांत पत्रा कसा आहे हे मला दुसऱ्याच्या तोंडावरून वाचावं लागलं, ते आज पहिल्यांदा.

त्याने डोळे उघडले आणि ताईंना नाही, मला सांगितलं.

"सरळ हाय, अण्णा."

मी ताईंना म्हणालो, "न्या."